निखारे पांढरे होईपर्यंत

फ्रिजची जुनी जाळी घेऊ नकोस, कायतान म्हणाला,
वरचा मुलामा तापला की माशाला लागतो.
चष्मा कपाळावर सारून त्याने
साध्या स्टीलच्या सळ्या जोडून दिल्या.
पैसे घेतले नाहीत. दोन नारळ घेतले.

तीच ही जाळी. खाली तुझ्या बाबांची
कोळशाची इस्त्री, झाकण काढलेली,
जिने त्यांनी पार्श्यापासून शिवोलीपर्यंत
पाद्रींचे झगे कडक केले.
एका वेळी दोनच बांगडे मावतात.
दोनच पुरेत, असं बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी
वेगळ्या शब्दांत सांगितलंच होतं.

मोरजीच्या शॅकवर एकोणीस हंगाम
तू लोण्याची वाटी अशी उलटी करायचास
की ज्वाळा खांद्याएवढी उठावी.
लोक टाळ्या वाजवत, मोबाईल वर धरत.
तुझ्या भुवया नाताळात जळायच्या
आणि शॅक मोडला की परत उगवायच्या.
हंगाम कसा गेला हे मी
तू सांगायच्या आधी भुवयांवरून ओळखायचे.

मग सरत्या मार्चमध्ये त्यांनी तुझ्या रक्ताच्या वाटेत
पेनातल्या स्प्रिंगएवढी एक जाळी बसवली.
तीही बिनमुलाम्याची असेल ना, तू विचारलंस,
आणि नर्स हसली. मी नाही हसले.

आता तेल औषधाच्या टोपणाने,
पाच मिलिची रेघ डोळ्यांसमोर धरून.
आगळ बिनमिठाचं. इनासिन बाय म्हणाली,
मीठ नाही घातलं तर टिकणार नाही गो.
म्हटलं, आम्ही टिकवत नाही, संपवतो.
आलं, लसूण, हिरवी मिरची.
तिरफळं ठेचायची, काळ्या बिया टाकून.
शेजारी निरफणसाचे काप, तांबड्या भोपळ्याची साल न काढलेली फोड,
आणि बांगडा हळदीच्या पानात, केळीच्या सोपाने बांधलेला,
म्हणजे चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही,
धूर उलटा माशावर बसत नाही,
काळं काही खावं लागत नाही.

हे सगळं तुला ठाऊक होतं.
करपलेली कड तू पर्यटकांना वाढायचास,
आपल्या ताटातली सुरीने काढायचास.

करवंट्या पेटल्या तसा तू सुपाने वारा घालायला उठलास.
बस, म्हटलं.
ज्वाळेत शिजत नाही, नुसतं दिसतं.
अर्धा तास आपण दोघं
एका इस्त्रीकडे बघत बसलो.
असं आपण लग्नातही बसलो नव्हतो,
तेव्हा भटजी घाईत होता.

दुसऱ्या रविवारी विहिरीमागे मला
लोण्याचा चांदीचा कागद मिळाला,
चार घड्या घातलेला.
चोरी करतानाही तू नीटनेटका.
मी काही बोलले नाही.
त्या कागदात मिरचीचं बी बांधलं
आणि फळीवर ठेवलं, तुझ्या गोळ्यांच्या डब्याला टेकवून.
तू ते पाहिलंस. तूही काही बोलला नाहीस.
तिसऱ्या रविवारी भोपळा दोनदा मागून घेतलास.

आज पान उघडलं तेव्हा
हळदीची वाफ तुझ्या चष्म्यावर चढली,
आणि त्याच आंधळेपणात तू
पोटाकडचा मऊ तुकडा काटा काढून
माझ्या हातावर ठेवलास.
बोटं भाजली.

सगुण, एकोणीस हंगाम
तू रात्री दीडला आणलेलं मी खाल्लं,
फॉइलमध्ये गुंडाळलेलं, गार,
कडेला लोणी गोठून पांढरं झालेलं,
उभ्यानेच, मुलगी उठू नये म्हणून दिवा न लावता.
तुझ्या हातचं गरम कसं लागतं
हे पार्श्यात फक्त मला माहीत नव्हतं.

मीठ कमी आहे, तू म्हणालास.

आहे, म्हटलं,
आणि लिंबाची फोड
तुझ्याकडे सरकवली.